तयार ठेवलेला नकार

फेन्ना डालिंगाने राजाला द्यायचा नकार गेली कित्येक वर्षं तयार करून ठेवला होता. अडचण एवढीच होती, की राजाने तिला अजून काही देऊ केलं नव्हतं.

उल्डरझाइल गावात प्रजासत्ताकवाली उरली होती ती एकटी फेन्ना. पूर्वी असं नव्हतं. तिच्या वडिलांच्या काळात गवताच्या पुठ्ठ्याचा कारखाना जोरात होता आणि कारखान्यातले निम्मे कामगार राजघराण्याचं नाव काढलं की थुंकायचे. कालव्याकाठच्या कॅफेच्या मागच्या खोलीत त्यांची बैठक भरायची आणि फेन्ना त्यात लिंबूपाणी पीत बसायची. पुढे कारखाना बंद पडला. बैठकीतली माणसं एकेक करून गेली, आणि जी गेली नाहीत त्यांनी तर आणखी वाईट केलं. त्यांना नातवंडं झाली आणि ते राजाच्या वाढदिवसाला राजघराण्याच्या नारिंगी रंगाच्या टोप्या घालून, फुटपाथवर सतरंजी अंथरून नातवंडांची जुनी खेळणी विकायला बसू लागले. राजाला शिव्या द्यायला सुद्धा जोडीला माणूस लागतो. फेन्नाला ते उरलं नाही.

लग्न तिने केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरांना पोहायला शिकवता शिकवता राहूनच गेलं." ते खोटं नव्हतं. गावच्या बिनछपराच्या, पोहण्यासाठी बांधलेल्या तलावावर ती उन्हाळाभर पोरांना पोहायला शिकवत असे, बिनपगारी, तरुण होती तेव्हापासून. आता सत्तरी उलटली तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती.

राजाचा वाढदिवस एप्रिलच्या सत्तावीस तारखेला असतो आणि आदल्या दिवशी देशभर फितींचा पाऊस पडतो. ज्यांनी गावासाठी काही केलं, बँड चालवला, म्हाताऱ्यांना जेवण पोचवलं, त्यांना राजाच्या नावाने पदक मिळतं. फितीला अडकवलेलं, छातीवर टोचायचं पदक. मेल्यावर घरच्यांनी ते परत करायचं असतं, म्हणजे राजा देतो तेही उसनंच, असं फेन्ना म्हणायची. यातली खरी मजा ही, की ज्याला ते मिळायचं त्याला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नसतो. बायको नवऱ्याला म्हणते, चल, चष्म्याचा नंबर काढून येऊ. मुलगी आईला म्हणते, पासपोर्टच्या सहीसाठी नगरपालिकेत जायचंय, आणि जरा बरा कोट घाल. दार उघडतं तर आत सगळं गणगोत फुलं घेऊन उभं असतं, आणि गळ्यात साखळी घातलेला नगराध्यक्ष म्हणतो, "महाराजांची मर्जी झाली आहे, की आपल्याला…"

या मर्जीवर फेन्नाचा दात होता. मर्जी कसली? आणि तो नगराध्यक्ष तरी कोण? गावाने निवडलेला नव्हे, राजाच्या सहीने नेमलेला. म्हणून तिने आपलं वाक्य ठरवून ठेवलं होतं. नगराध्यक्षाचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, सरळ उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "महाराजांची झाली असेल. माझी नाही झाली." बस्स. पुढे एक शब्द नाही. हे वाक्य तिने रिकाम्या तलावाच्या काठावर म्हणून पाहिलं होतं. तिथे आवाज छान घुमायचा.

नकार द्यायचा तर आधी कुणीतरी काही द्यायला यावं लागतं. दर वर्षी सव्वीस तारखेला फेन्ना सकाळीच केस धुवायची, निळा चांगला स्वेटर घालायची आणि फोन जवळ घेऊन बसायची. दुपार झाली की स्वेटर काढून ठेवायची आणि बटाटे सोलायला घ्यायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशी सुद्धा तिने ते कधी धड कबूल केलं नव्हतं.

तिचं पोहणं आणि तिचं राजाशी वाकडं, दोन्ही एकाच दिवशी सुरू झालेलं. ती सहा-सात वर्षांची असताना तेव्हाची राणी या भागात आली होती. शाळेने पोरांना कागदी झेंडे वाटले. सगळा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला. फेन्नाच्या बापाने तिचा झेंडा घेऊन खिशात घातला, तिला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि कालव्यावर नेलं. "आज सगळे तिकडे आहेत," तो म्हणाला. "अख्खा कालवा आपला." त्या दिवशी त्याने तिला पोहायला शिकवलं. एवढ्या लांबच लांब पाण्यात दोनच डोकी. बांधापलीकडून बँड ऐकू येत होता आणि एकदा मोठा आरडाओरडा झाला, तेव्हा बाप म्हणाला, "गेली बघ. तू हात मार." ही गोष्ट फेन्ना अभिमानाने सांगायची. तिच्या तोंडून ती सगळ्या गावाने ऐकली होती, काहींनी तर नको तितक्यांदा.

वुब्बिना स्टिकरने ती सगळ्यांत जास्त ऐकली होती. वुब्बिना तलावावरचं कँटीन सांभाळायची. कँटीन म्हणजे एक लाकडी खोली आणि तिला एक खिडकी. त्या खिडकीतून ती तळलेले बटाटे, गरम चॉकलेट आणि फुकटचे सल्ले द्यायची. नगरपालिकेने तलाव बंद करायचं ठरवलं तेव्हा तिनेच दारोदार पॅनकेक विकून तो वाचवला होता. ती पक्की राजवाली. तिच्या घरी काचेचं एक कपाट होतं, त्यात राजघराण्याचे चेहरे छापलेले पत्र्याचे डबे आणि कप. कोणत्या डब्यावर कुणाचं लग्न आहे ते ती झोपेत सुद्धा सांगेल.

त्या वर्षीही एप्रिलात दोघी तलाव उघडायच्या तयारीला लागल्या होत्या. फेन्ना गुडघ्यावर बसून फरशीवरचं शेवाळ घासत होती आणि वुब्बिना खिडकी पुसत होती.

"काय गं कॉम्रेड," वुब्बिना म्हणाली, "यंदाही पडदे लावून बसणार ना?"

"आणि तू डबे कुरवाळत बसणार ना, राणीसरकार?"

"मी कशाला बसू? मी रस्त्यावर असणार. पॅनकेक विकणार. बरं, मला एक सांग. राजा नको तर मग कोण? राष्ट्राध्यक्ष? म्हणजे तिकडे हेगमधल्या सरकारातला कुणीतरी टायवाला. त्याचा फोटो माझ्या डब्यावर? शी! त्यापेक्षा हा बरा. निदान मतं मागायला तरी येत नाही."

"मतं मागायला येत नाही हेच तर दुखणं आहे. जो मागायला येत नाही त्याला घरी कसं पाठवणार?"

"पाठवायचं कशाला? बिचारा कुणाचं काय घेतो? हात हलवतो, पूल उघडतो."

"फुकट नाही हलवत."

"तू फुकट शिकवतेस म्हणून सगळ्या जगाने फुकट राबायचं का?"

फेन्नाने ब्रश बादलीत टाकला. "हे बघ. अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पोहून दाखवल्याशिवाय मी कुणाला डिप्लोमा देत नाही. डॉक्टरच्या पोराला नाही दिला, तुझ्या येल्मरला पहिल्यांदा नापास केला."

"ते मी अजून विसरले नाही."

"बाप पोहत होता म्हणून पोरगा पोहणारच, असं म्हणून मी त्याला पाण्यात सोडला तर काय होईल?"

"पण राजा काही पाण्यात पडलेला नाही गं."

"नाही ना. तेच म्हणते मी. पाण्यात आपण आहोत."

वुब्बिना थोडा वेळ काच पुसत राहिली. "डोक्याला पटतं तुझं. दर वर्षी पटतं. पण त्या दिवशी सगळा गाव रस्त्यावर असतो आणि तू एकटी आत बसलेली असतेस. मी पॅनकेक उलटते आणि माझं लक्ष तुझ्या पडद्यांकडे. त्याचं काय करायचं?"

"त्याचा राजाशी काय संबंध?"

"मलाही तेच कळत नाही," वुब्बिना म्हणाली आणि आत जाऊन कॉफी ओतू लागली.

त्याच आठवड्यात येल्मर फेन्नाकडे आला. वुब्बिनाचा हा मुलगा आता चाळिशीचा, तलाव समितीचा चिटणीस. दारातच बूट पुसत उभा राहिला, आत येईना.

"फेन्ना मावशी, सव्वीसला सकाळी मोकळी आहेस ना? नगरपालिकेत जायचंय. तलावाच्या बॉयलरचं बोलायला. नगराध्यक्षांनाच भेटायचंय, तू आणि आई दोघींनी."

"सव्वीसला?"

"हो. त्यांना तोच दिवस जमतोय." येल्मरने छताकडे पाहिलं. "आणि जरा… पेपरवाला फोटो काढेल कदाचित. म्हणजे तो शिट्टीवाला टी-शर्ट नको."

त्याचं सायकलवर बसणं, निघणं, वळणावर दिसेनासं होणं फेन्ना खिडकीतून बघत राहिली. मग ती स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसली. सव्वीस तारीख, नगराध्यक्ष, बरे कपडे, फोटो, आणि वर बॉयलर! बॉयलर मागच्याच वर्षी नवा बसवला होता. देशातल्या लहान पोराला सुद्धा हा डाव कळला असता.

आली वेळ, तिने मनाशी म्हटलं. तिने वाक्य म्हणून पाहिलं. महाराजांची झाली असेल, माझी नाही झाली. इथे आवाज तलावावरच्यासारखा घुमेना. तिने पुन्हा म्हटलं.

सव्वीसला सकाळी तिने केस धुतले, निळा स्वेटर घातला आणि गाडी काढली. वुब्बिना फाटकातच उभी होती, ठेवणीतला कोट, ओठांना रंग, गळ्याला झगझगीत नारिंगी मफलर.

"हा गळफास कशाला?" फेन्नाने विचारलं.

"उद्याची सवय करते." वुब्बिना आत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून राहिली. एरवी तिचं तोंड एक क्षण बंद नसायचं. आज गाडी कालव्याकाठाने गावाबाहेर पडली तरी ती गप्प होती. तिला माहीत आहे, फेन्नाने ओळखलं. माहीत आहे आणि घाबरली आहे.

"बॉयलरचं काय बोलायचं गं?" फेन्नाने खडा टाकून पाहिला.

"बॉयलर? हां, बॉयलर. तू बोल. तुला जास्त कळतं." वुब्बिना खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "समज हं, नुसतं समज. तुला कुणी एक वस्तू भेट दिली. ती ज्या दुकानातली आहे ते दुकान तुला अजिबात आवडत नाही. पण देणारी माणसं तुझी आहेत. खूप दिवस त्यांनी मनात धरून ठेवलेलं आहे. तू काय करशील?"

"कोणतं दुकान?"

"कोणतंही गं! चपलांचं."

फेन्नाने वळण घेतलं. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. या फितीचं तिने फक्त राजाच्या बाजूने बघितलं होतं. राजा देणार, ती नाकारणार. पण राजाला उल्डरझाइलची फेन्ना कुठून माहीत असणार? कुणीतरी आधी नाव सुचवावं लागतं. त्याच्या पाठीशी आणखी लोकांनी उभं राहावं लागतं. म्हणजे कुणीतरी गावात हिंडलं होतं. दारं वाजवली होती. लोक आपापल्या स्वयंपाकघरात बसून तिच्याविषयी बोलले होते, तिने कुणाला कसं शिकवलं, कुणाला खोल पाण्यातून कसं काढलं. इतकी वर्षं तिच्या बंद पडद्यांपलीकडे तिचं नाव घेतलं जात होतं आणि तिला माहीतच नव्हतं!

"मी बघेन," ती एवढंच म्हणाली. वुब्बिनाने सुस्कारा सोडला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात नगरपालिका येईपर्यंत तिथेच होता.

सभागृहाचं दार उघडलं आणि झालंही तसंच. फुलं, टाळ्या, आरडाओरडा. येल्मर, त्याची बायको, पोरं, आणि तलावावरचा अर्धा गाव. बेकरीवाला होता, ज्याला पाण्याची इतकी भीती वाटायची की पहिला उन्हाळाभर तो फक्त पायऱ्यांवर बसला होता. जनावरांची डॉक्टरीण होती, जिने बूट घालून पोहताना एक बूट तळाशी घालवला होता. सगळे फेन्नाकडे बघून हसत होते, हात करत होते. येल्मरने दोघींना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. "बॉयलर काय रे, चोरा?" फेन्ना म्हणाली. तो कानापर्यंत हसला.

आधी दुसऱ्या गावच्या बँडवाल्याची पाळी होती, मग चर्चचं घड्याळ सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्याची. म्हातारा रडला. त्याचे सगळे जण रडले. फेन्ना खुर्चीत ताठ बसून आपलं वाक्य शोधत होती. वाक्य होतं, जागच्या जागी होतं, पण ते या माणसांसमोर बोलायचं होतं. ते राजाला लागणार नव्हतं. राजा दूर त्याच्या घरी चहा पीत असेल. लागणार होतं ते बेकरीवाल्याला, वुब्बिनाला.

आणि मग तिला कालवा आठवला, दोन डोकी आणि बांधापलीकडचा बँड. ती गोष्ट ती आयुष्यभर सांगत आली होती, आणि त्यातलं एक तिने कधी सांगितलं नव्हतं. बाप म्हणाला, गेली बघ, तू हात मार, तेव्हा ती पाण्यात रडत होती. पाण्यात रडलेलं दिसत नाही. तिला राणीचं काही पडलेलं नव्हतं. तिला रस्त्याच्या कडेला बाकीच्या पोरांबरोबर उभं राहून झेंडा हलवायचा होता.

बाबा, तिने मनात म्हटलं, तुमचं सगळं बरोबर आहे. मतंही बरोबर, कारणंही बरोबर. पण मी फार एकटी आहे हो. आज एकदाच घेते.

ठरवलं आणि अंग हलकं झालं. ती हसली सुद्धा.

"आता उल्डरझाइल," नगराध्यक्ष म्हणाले. तरुण माणूस, साखळी त्याच्या खांद्यांना मोठी होत होती. "या गावात तलाव आहे. म्हणजे तो अजून आहे, कारण एक बाई आहे. या गावात असं मूल सापडणार नाही, जे निळ्या ओठांनी, कुडकुडत तिच्यासमोर येऊन उभं राहिलेलं नाही. तिने एकही उन्हाळा चुकवला नाही. कधी काही मागितलं नाही. स्वतःविषयी बोलायला सांगितलं तर ती विषय बदलते. आज तिला विषय बदलता येणार नाही. कारण महाराजांची मर्जी झाली आहे…"

फेन्नाने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ती उठली.

"…की श्रीमती वुब्बिना स्टिकर यांना पदक देऊन त्यांचा गौरव करावा."

पूर्ण उभं राहायला अजून थोडं बाकी होतं. गुडघे वाकलेले, हात खुर्चीवर. एक क्षण ती तशीच राहिली. मग ती उरलेली उठली, कारण बसणं आता शक्य नव्हतं, आणि उठल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना म्हणून तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या मागे सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांनी छत दणाणलं.

वुब्बिना मात्र बसून होती. तोंड उघडं. "अहो, चुकलंय तुमचं," ती नगराध्यक्षांना म्हणाली, मोठ्याने. "मी नाही हो. ही. फेन्ना. तारखेवरूनच ओळखलं होतं मी. मी तर नुसते बटाटे तळते!"

सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "फेन्नाला! राजाची फीत!" आणि हसू आणखी वाढलं. बेकरीवाला तर डोळे पुसत होता. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माया होती, आणि तेच फेन्नाला सोसेना. तीही हसली. वुब्बिनाला दंड धरून तिनेच उठवलं आणि पुढे ढकललं.

मग कॉफी आली, नारिंगी साखरेचा थर दिलेल्या क्रीमच्या पेस्ट्र्या आल्या. लोक येऊन वुब्बिनाला मिठी मारत होते आणि फेन्नाच्या पाठीवर थाप देत होते. "कमाल केलीस हं, सगळ्यांत आधी तू उठलीस! तू!" फेन्ना मान हलवत होती. तिच्या हातातली पेस्ट्री तशीच होती.

येल्मर बशी घेऊन जवळ आला. वुब्बिनाही त्याच्या मागून आली. कोटावर फीत लटकत होती आणि तिची तिलाच भीती वाटत असल्यासारखी ती एका हाताने धरून होती.

"मावशी, रागावली नाहीस ना? तुलाही फसवावं लागलं. पण तुला सांगून चाललं नसतं. आईच्या साठीला आपण गुपचूप पार्टी ठरवली होती, आठवतं? तू खोटं बोलायला गेलीस आणि मान अशी लालभडक झाली, की आईने पाच मिनिटांत ओळखलं."

"आठवतं," फेन्ना म्हणाली. "बरं केलंस."

"आणि खरं सांगू?" येल्मरने आवाज खाली आणला. तो मनापासून बोलत होता. "आईचं नाव देताना तुझंही नाव निघालं होतं. सगळ्यांच्याच तोंडी होतं. मीच म्हटलं, नको. फेन्ना मावशीसारखी तत्त्वाची बाई, तिला राजाची फीत देऊ करणं म्हणजे तिचा अपमान. तिच्या मताचा मान ठेवायला हवा. सगळ्यांना पटलं." तो हसला. "तू घेतलीच नसतीस, हो ना?"

इतकी वर्षं जपलेलं वाक्य इथे चपखल बसलं असतं. पण आता त्याला जागा उरली नव्हती. विचारायच्या आधीच तिच्या वतीने सगळ्या गावाने ते म्हणून टाकलं होतं.

"अर्थात," फेन्ना म्हणाली. "घेतलीच नसती."

"मला ठाऊक होतं!" येल्मर म्हणाला आणि समाधानाने कॉफी आणायला वळला.

फेन्नाला गळ्यापाशी ऊब जाणवली. ती स्वेटरच्या काठातून वर सरकली, मानेवर पसरली, कानांच्या पाळ्यांपर्यंत गेली. तिने मान खाली घातली. त्याने उपयोग झाला नाही. वर पाहिलं तर समोर वुब्बिना होती, आणि तिची नजर फेन्नाच्या मानेवर होती.

वुब्बिनाच्या चेहऱ्यावरून सगळं सरसर गेलं. गाडीतलं बोलणं, ते उठणं, त्या टाळ्या. तिचे डोळे भरले. तिने तोंड उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. मग तिने आपल्या गळ्यातला नारिंगी मफलर काढला, फेन्नाच्या मानेभोवती गुंडाळला, दोन वेढे, आणि पुढे गाठ मारली.

"वारा लागतोय गं इथे," ती म्हणाली. "दार उघडं राहिलंय."

दार बंद होतं. फेन्नाने दाराकडे पाहिलं, वुब्बिनाकडे पाहिलं आणि मफलर तसाच राहू दिला. तेवढ्यात पेपरवाला आला आणि म्हणाला, दोघी मैत्रिणी जरा जवळ उभ्या राहा.

तो फोटो आता तलावाच्या कँटीनमध्ये खिडकीशेजारी लावलेला आहे. वुब्बिनाच्या छातीवर फीत, आणि बाजूला फेन्ना, हनुवटीपर्यंत नारिंगी. बटाट्यांसाठी रांगेत उभे असलेले लोक तो बघतात आणि म्हणतात, बघा, मैत्रिणीच्या आनंदासाठी फेन्नाने तोही रंग गळ्यात घातला. फेन्नाला ते ऐकू जातं. ती वळून बघत नाही, शिट्टी फुंकते आणि पोरांना हात मारायला सांगते.